बुडबुडे थांबले म्हणजे एल तयार झाली का?

घरी एल (बिअरचा एक प्रकार) करणाऱ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षे फिरतो: एअरलॉकमधले (वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न येऊ देणारी भांड्यावरची पाण्याची झडप) बुडबुडे थांबले की साखर आंबवणाऱ्या यीस्टचं काम संपलं, आता बाटल्या भरा.

असं वाटणं साहजिक आहे, कारण डोळ्यांना दिसतात ते बुडबुडेच. पण ते फक्त वायू त्या वाटेने बाहेर पडतोय एवढंच सांगतात. झाकण जरा सैल असेल तर कार्बन डायऑक्साइड तिथूनच निसटतो. आत आंबणं जोरात चालू असूनही एअरलॉक शांत. उलट, खोली तापली की द्रवात विरघळलेला वायू सुटतो आणि आंबणं संपल्यावरही बुडबुडे येतात. शिवाय एल यीस्ट साधारण 18 ते 22 अंशांत खूश असतं. गारठा वाढला की साखर शिल्लक ठेवूनच ते सुस्तावतं, तळाशी बसतं.

खात्री हायड्रोमीटरने, म्हणजे द्रवाची घनता मोजणाऱ्या साधनाने, करावी. सुरुवातीची घनता, समजा, 1.050 असेल, तर साखर आंबत जाते तशी ती उतरत 1.012च्या आसपास येते (पाण्याची 1.000). दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली मापं सारखी आली आणि आकडा अपेक्षेइतका उतरलेला असला, तरच बाटल्या भरा. वरच थबकला असेल तर भांडं थोडं उबदार जागी ठेवून पुन्हा मोजा. इथे घाई खरंच नको: उरलेली साखर बंद बाटलीत आंबली, तर दाबाने काच फुटू शकते.