आभा कार्ड म्हणजे आयुष्मान वय वंदना कार्ड नव्हे

मुंबईत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून एक निरोप फिरतो: ‘रविवारी सकाळी दहाला आयुष्मान कार्ड शिबिर, ज्येष्ठांनी आधार आणि मोबाईल घेऊन यावं.’ रांग लागते, ओटीपी येतो, कार्ड लॅमिनेट होऊन हातात पडतं आणि घरातले निर्धास्त होतात की आता पाच लाखांची सोय झाली. अनेकदा ते कार्ड आभाचं असतं, आणि त्यावर एका रुपयाचेही उपचार होत नाहीत. हे कळतं तेव्हा बाबा कॅज्युअल्टीत असतात आणि मुलगा काउंटरवर डिपॉझिटची पावती धरून उभा असतो.

आभा बहुतेकांच्या माहितीचं आहे, म्हणून थोडक्यात. तो आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधला १४ आकडी आरोग्य क्रमांक. वयाची अट नाही, उत्पन्नाची अट नाही, खर्च नाही, सक्तीही नाही. तुमचे केस पेपर, रिपोर्ट आणि प्रिस्क्रिप्शन तुमच्या संमतीने एका जागी जोडता यावेत, एवढंच त्याचं काम. आभा नाही म्हणून कुणी उपचार नाकारू शकत नाही, आणि आभा आहे म्हणून कुणी बिल कमी करत नाही.

वय वंदना ही प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेची शाखा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयात दाखल होऊन घेतलेले उपचार यात मिळतात. जुने आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात, वाट पाहण्याचा काळ नाही. मधुमेह आणि रक्तदाब आहे म्हणून ज्यांना मेडिक्लेम मिळत नाही, त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

आता खरी गफलत. दोन्ही नावांची सुरुवात ‘आयुष्मान भारत’ने होते, दोन्ही आधारवर काढता येतात, दोन्हींवर फोटो आणि क्यूआर कोड असतो. शिवाय इंग्रजी ‘ABHA’तल्या शेवटच्या ‘A’चा अर्थ अकाउंट. अकाउंट म्हटलं की आपल्याला पासबुक आठवतं, आणि पासबुकात पैसे असतात. या अकाउंटमध्ये फक्त कागद असतात. आभा सांगतं की हा माणूस कोण आणि याचे जुने रिपोर्ट कुठे आहेत. वय वंदना सांगतं की या माणसाचं बिल कोण भरणार. रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरला फक्त दुसऱ्या प्रश्नाशी देणंघेणं असतं.

म्हणून आज घरातलं कार्ड बाहेर काढून वाचा. रंगावर जाऊ नका. चौदा आकडी क्रमांक आणि खाली ‘@’ चिन्ह असलेला पत्ता, एवढंच असेल तर ते आभा. ‘प्रधानमंत्री जन आरोग्य योजना’ आणि ‘वय वंदना’ असं लिहिलेलं असेल आणि पीएमजेएवाय आयडी, म्हणजे या योजनेतला क्रमांक, असेल, तर ते उपचाराचं कार्ड. इथे जाणती माणसंही फसतात, कारण काही आयुष्मान कार्डांवर आभा क्रमांकही छापलेला असतो. ‘१४ आकडे दिसले, म्हणजे आभाच’ असं ठरवून खरं कार्ड कपाटात टाकू नका. शोधायचा तो पीएमजेएवाय आयडी. तरीही खात्री नसेल तर १४५५५ वर फोन करून विचारा.

शिबिर घेणाऱ्यांना एक कळकळीची विनंती: फलकावर नुसतं ‘आयुष्मान कार्ड’ लिहू नका. ‘आभा’ किंवा ‘वय वंदना’, जे काढून देणार असाल तेच लिहा. या एका शब्दावर कुणाचं तरी ऑपरेशन अडतं.

वय वंदना काढायला शिबिराची वाट पाहायची गरजही नाही. घरीच आयुष्मान ॲप उघडा, लाभार्थी म्हणून मोबाईल नंबरने लॉगिन करा, ७० वर्षांवरील नोंदणी निवडा, आधार क्रमांक टाका, ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) करा, फोटो काढा, पत्ता आणि कुटुंबाची माहिती भरा. मंजुरी आली की कार्ड तिथूनच उतरवता येतं. अडतं ते बहुधा ई-केवायसीला. आधारला जोडलेला मोबाईल नंबर जुना असतो किंवा बंद पडलेला असतो, त्यामुळे ओटीपी येत नाही. आयुष्यभर भांडी घासलेल्या, लेथवर काम केलेल्या हातांचे ठसे झिजलेले असतात, ते मशीन घेत नाही. अशा वेळी मशीनवर दहादा बोट दाबत बसू नका, चेहऱ्याने ओळख पटवण्याचा पर्याय निवडा. आजी-आजोबांना तोंड खिडकीकडे करून बसवा आणि चष्मा काढा. नंबर बदलायचा असेल आणि माणूस घराबाहेर पडू शकत नसेल, तर जवळच्या पोस्टात विचारा. पोस्ट पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येऊन आधारमधला मोबाईल नंबर बदलून देतो. वय आधारवरचंच धरतात, त्यामुळे तिथली जन्मतारीख चुकली असेल तर आधी ती दुरुस्त करून घ्या.

नोंदणीत एक घोषणा करावी लागते, ती न वाचता पुढे जाऊ नका. केंद्र सरकारचे निवृत्त कर्मचारी मुंबईत भरपूर आहेत. त्यांची सीजीएचएस ही आरोग्य योजना किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस असेल, तर ती सोय आणि वय वंदना यांपैकी एकच निवडायची असते. घाईत कुणी दुसऱ्याने तुमच्या फोनवर टिक केली आणि चालू सोय गेली, असं होता कामा नये. खासगी मेडिक्लेम असेल तर मात्र दोन्ही ठेवता येतात.

५ लाख ही रक्कम कुटुंबाची असते, माणशी नाही. आई आणि बाबा दोघंही सत्तरीपुढचे असतील तर प्रत्येकाचं कार्ड वेगळं, पण रक्कम दोघांत मिळून. कुटुंब आधीपासूनच जन आरोग्य योजनेत असेल, तर सत्तरीपुढच्यांसाठी वेगळे ५ लाख मिळतात.

कार्ड खरं असूनही माणसं हात हलवत परत येतात, त्याची कारणं ठरलेली आहेत. रुग्णालय योजनेत नसतं. किंवा योजनेत असतं, पण हवा तो विभाग नसतो. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले असतात. म्हणून ‘तुमच्याकडे आयुष्मान चालतं का?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘अमुक ऑपरेशन वय वंदनावर इथे होतं का?’ असं नाव घेऊन विचारा, आणि ते रिसेप्शनला नव्हे, आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनिसाच्या, टेबलावर विचारा. तो कार्ड आणि आधार तपासतो, डॉक्टर उपचार ठरवतात, रुग्णालय पूर्वमंजुरी मागवतं आणि ती आली की उपचार सुरू होतात. दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस, या काळातल्या तपासण्या आणि औषधंही पॅकेजमध्ये येतात.

मेडिक्लेमची सवय असलेल्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. ही योजना कॅशलेस आहे. आधी स्वतः पैसे भरायचे आणि मग बिलं लावून परत मागायचे, असं इथे होत नाही. त्यामुळे दाखल करतानाच कार्ड पुढे करा, डिस्चार्जच्या दिवशी नाही. मंजूर पॅकेजसाठी वर पैसे मागितले तर काउंटरवर उभे असतानाच १४५५५ ला फोन लावा.

सत्तरी गाठली नसेल, तर आभा निघेल, वय वंदना निघणार नाही. मग रेशन कार्ड घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं विचारा. त्यातही आता वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतची सोय आहे आणि पांढऱ्या कार्डाचे लोकही त्यात येतात. हेल्पलाइन १५५३८८.

ओपीडी वय वंदनात येत नाही. साखरेची गोळी, गुडघ्याचा एक्स-रे, डोळ्यांची साधी तपासणी यासाठी ते कार्ड घेऊन फिरू नका. त्यासाठी वॉर्डातला ‘आपला दवाखाना’ किंवा केईएम, सायन, नायर, कूपर इथली ओपीडी गाठा. आभा कामाला येतं ते इथे. जिथे केस पेपरच्या खिडकीवर क्यूआर कोड लावलेला असतो, तिथे आभा ॲपने तो स्कॅन केला की नाव, वय, पत्ता आपोआप जातो आणि टोकन मिळतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्या रांगेत तेवढं कमी उभं राहावं लागतं.