विंटेज मोटारींचे स्पार्क प्लग : ओळख

जुन्या इंजिनाला कोणता प्लग लागतो हे आट्यांचा व्यास, आट्यांची लांबी, बैठक (प्लग सिलिंडर हेडवर टेकतो तो भाग) आणि हीट रेंज (प्लग उष्णता किती वेगाने सोडतो ते माप) यांवरून ठरते. इंजिनातून निघालेला प्लग पुरावा मानू नये. आधीच्या कुणीतरी हाताला लागेल तो बसवलेला असतो. खरी साक्ष हेडमधल्या भोकाची.

आटे. व्यास व्हर्नियरने, तर आट्यांमधले अंतर पिच गेजने मोजतात. 18 मिमी प्लगचे अंतर 1.5 मिमी, 14 मिमीचे 1.25 आणि 10 मिमीचे 1 मिमी असते. सर्वाधिक घोटाळा फोर्डमध्ये होतो. मॉडेल टीचा अर्धा इंची पाइप-आट्याचा प्लग बाहेरून सुमारे 21.3 मिमी भरतो आणि मॉडेल एचा 7/8 इंची प्लग 22.2 मिमी. नजरेला दोन्ही सारखेच. पण पहिल्याला इंचात 14 आटे व उतार असतो, दुसऱ्याला 18 सरळ आटे. पाइप-आटे स्वतःच घट्ट बसून गळती थांबवतात, म्हणून तिथे वॉशर नसतो आणि पान्यावर जोर देऊ नये.

लांबी. बैठकीपासून आट्यांच्या शेवटापर्यंत मोजावी. टोकाचा इलेक्ट्रोड (ठिणगी पडते तो भाग) त्यात मोजू नये. 14 मिमी प्लगमध्ये 9.5, 12.7 आणि 19 मिमी ही नेहमीची मापे. चॅम्पियन कंपनीच्या खुणांत अनुक्रमे जे, एल, एन. प्लग आखूड पडला तर हेडचे खालचे आटे काजळीने भरतात व पुढे योग्य प्लगही आत जात नाही. लांब पडला तर पिस्टनला लागू शकतो. न लागला तरी उघडे आटे तापून लाल होतात, ठिणगीआधीच मिश्रण पेटते आणि प्लग काढताना ॲल्युमिनियम हेडचे आटे सोलले जातात. ब्रिटिश एमजी मोटारींच्या एक्सपीएजी इंजिनाचे हेड मध्येच बदलले व प्लग 12.7वरून 19 मिमीवर गेला, त्यामुळे मॉडेलच्या नावावर विसंबू नये.

हीट रेंज. चॅम्पियनमध्ये आकडा मोठा तर प्लग गरम, म्हणजे उष्णता हळू सोडणारा; एनजीके कंपनीत उलट. बॉशने तर दिशाच बदलली: जुन्या मालिकेत 175पेक्षा 225 थंड, नव्या मालिकेत 5पेक्षा 7 गरम. बेंगळुरूच्या मायको या बॉशच्या भारतीय कंपनीच्या (स्थापना 1951) प्लगवरही बॉशच्याच खुणा असल्याने भारतात जुना साठा घेताना आधी मालिका ओळखावी.

इन्सुलेटर (प्लगमधला वीजरोधक भाग). अभ्रकाच्या चकत्यांचा प्लग तारेच्या ब्रशने घासू नये. थरांत तेल मुरले की ठिणगी आतल्या आत गळते. जुन्या तांब्याच्या वॉशरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकते. तो कापू किंवा घासू नये.