वीज गेली म्हणून माग मोडत नाही

आमच्या मामांनी सोलापुरात तीस वर्षं चादरीच्या मागावर काढली. एका सकाळी धोट्यात कांडी भरताना ती उजव्या हातातून दोनदा निसटली. तोंड किंचित वाकडं झालं, शब्द जड येऊ लागले. "अंगावरून वारं गेलंय, तेल चोळा," म्हणत शेजाऱ्यांनी त्यांना खाटेवर निजवलं. तो पक्षाघाताचा झटका, म्हणजे स्ट्रोक होता. त्या तासाभरात डोक्यात काय चाललं होतं, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण त्याला ऑक्सिजन लागतो २० टक्के, आणि शिलकीत काही नसतं. रक्तवाहिनीत गुठळी अडकली की मधल्या भागातल्या पेशी काही मिनिटांत मरतात. त्याभोवतीच्या पट्ट्याला मात्र आजूबाजूच्या वाहिन्यांतून थोडं थोडं रक्त मिळत राहतं. या पट्ट्याला डॉक्टर ग्रहणातला शब्द वापरतात, उपच्छाया.

एरवी मेंदूच्या १०० ग्रॅम भागातून मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त फिरतं. ते २० च्या खाली गेलं की पेशी गप्प होतात. १० च्या खाली गेलं की मरू लागतात. उपच्छायेतल्या पेशी या दोन आकड्यांच्या मध्ये अडकलेल्या असतात. वीज गेल्यावर माग थांबतो, पण ताणा तुटलेला नसतो, तशी त्यांची गत. मामांचा हात लुळा पडला होता, पण तो हलवणाऱ्या सगळ्याच पेशी मेलेल्या नव्हत्या.

पण त्या फार वेळ तग धरत नाहीत. मरणाऱ्या पेशींतून ग्लुटामेट, म्हणजे चेतापेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात ते रसायन, बाहेर सांडतं, त्यानं शेजारच्या पेशींची दारं उघडतात, कॅल्शियम आत घुसतं आणि पेशीची स्वतःचीच विकरं (एन्झाइम) तिला आतून पोखरू लागतात. उपचाराविना मोठ्या झटक्यात मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी जातात, असा २००६ सालचा एक हिशेब आहे.

ही पोखरण थांबवणारी शेकडो औषधं प्रयोगशाळेत तपासली गेली. उंदरांत कित्येक गुणकारी ठरली, माणसांत जवळजवळ सगळी फसली. एनएक्सवाय-०५९ या औषधानं २००६ मध्ये आशा दाखवली आणि पुढच्याच वर्षी मोठ्या चाचणीत ती मावळली. लॉस एंजेलिस परिसरात तर रुग्णवाहिकेतच मॅग्नेशियम देऊन पाहिलं. २०१५ मध्ये निकाल आला, फायदा नाही. मला यातलं एक कारण फार मोलाचं वाटतं: औषध रक्तातूनच पोहोचणार, आणि वाट तर तीच बंद.

म्हणून पेशी वाचवण्याचा आजचा खात्रीचा मार्ग म्हणजे वाट मोकळी करणं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठ्या वाहिनीतली गुठळी नळी घालून ओढूनही काढतात, निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत. त्याआधी सीटी स्कॅन हवाच, कारण झटका रक्तस्रावाचाही असू शकतो. घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नका, पाणीही पाजू नका. गिळता येत नसेल तर ठसका लागून ते फुप्फुसात जातं. १०८ ला फोन लावा.

दवाखान्यात डॉक्टरांनी मामींना पहिलं विचारलं, "शेवटचे धडधाकट कधी दिसले होते?" साडेचार तास तिथून मोजतात, झोपेतून उठताना त्रास दिसला तर रात्री झोपल्यापासून. मामी म्हणाल्या, "सातचा भोंगा झाला तेव्हा चहा पिऊन गेले."