दोन चित्रांमधला काळोख : सभागृहासाठी व्हिडिओ स्विचर निवडताना

परिषदेचे सकाळचे सत्र सुरू आहे. पहिल्या वक्त्याचे भाषण संपून टाळ्या वाजतात, दुसऱ्या वक्त्या व्यासपीठावर येऊन नमस्कार करतात, तंत्रज्ञ त्यांच्या लॅपटॉपचे बटण दाबतो आणि मागचा भलामोठा पडदा काळा पडतो. दोन-तीन सेकंदांनी कोपऱ्यात इनपुटच्या क्रमांकाची निळी पाटी उमटते आणि त्यानंतर कुठे चित्र येते. तोवर वक्त्यांचे पहिले वाक्य वाया गेलेले असते, कारण सभागृहातील प्रत्येक जण त्यांच्याकडे न पाहता पडद्याकडे पाहत असतो. सभा-संमेलनांच्या दृश्य-व्यवस्थेचे काम करताना हा प्रसंग मी इतक्या वेळा पाहिला आहे की, नवीन स्विचर, म्हणजे अनेक लॅपटॉप-कॅमेऱ्यांतून हवे ते चित्र पडद्यावर पाठवणारे यंत्र, घेऊ पाहणाऱ्या कोणालाही मी आधी या काळोखाचे कारण समजावून सांगतो आणि मगच यंत्रांची नावे घेतो. कारण कळले की निवडीचे निम्मे काम झालेले असते.

पडद्यावर दिसणारे चित्र म्हणजे ठरलेल्या लयीत वाहणारा बिंदूंचा प्रवाह असतो. १९२० × १०८० बिंदूंचे चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचे असेल, तर केबलमधून प्रत्येक फ्रेमसाठी, म्हणजे अशा एकेका चित्रासाठी, प्रत्यक्षात २२०० × ११२५ इतक्या जागा धावतात. जास्तीच्या जागांमध्ये दिसणारे चित्र नसते. जुन्या काचेच्या नळीच्या दूरचित्रवाणी संचात इलेक्ट्रॉनांच्या झोताला पडद्याच्या तळापासून पुन्हा माथ्यावर जायला उसंत लागे, त्या उसंतीची ती आठवण आहे. ११२५ पैकी ४५ ओळी अशा रिकाम्या असतात आणि त्यांना साधारण ०.६७ मिलिसेकंद लागतो. एका चित्रावरून दुसऱ्यावर कोणाच्याही लक्षात न येता उडी मारायची असेल, तर ती एवढ्याशा फटीतच मारावी लागते.

अडचण अशी की ही फट प्रत्येक यंत्रात वेगळ्या क्षणी येते. प्रत्येक लॅपटॉपमध्ये आणि कॅमेऱ्यात स्वतःचे स्फटिक-घड्याळ असते आणि कोणतीही दोन घड्याळे तंतोतंत सारखी चालत नाहीत. दोन कॅमेऱ्यांच्या घड्याळांत दशलक्षात ५० भागांचा फरक असला, तरी सेकंदाला ५० फ्रेमच्या हिशेबाने ४०० सेकंदांत ते एका पूर्ण फ्रेमने मागे-पुढे होतात. साधा स्विचर एक तार तोडून दुसरी जोडतो, तेव्हा पडद्याला अचानक वेगळ्या लयीचा प्रवाह मिळतो, आणि नवी लय पकडेपर्यंत तो चित्र दाखवणेच थांबवतो.

याच्या जोडीला दोन संवाद नव्याने व्हावे लागतात. लॅपटॉप पडद्याला त्याची कुंडली विचारतो. ईडीआयडी नावाची ही माहिती १२८ बाइटांच्या तुकड्यांत साठवलेली असते आणि पडद्याला कोणते रेझोल्यूशन चालते, हे तीत नोंदलेले असते. दुसरा संवाद एचडीसीपी या चोरी-प्रतिबंधक व्यवस्थेचा. तिच्या पहिल्या पिढीत प्रत्येक उपकरणात ५६ बिटांच्या ४० गुप्त चाव्या असतात, आणि दोन्ही बाजूंची ओळख पटल्याखेरीज संरक्षित चित्र पुढे सरकत नाही. हे सारे दर वेळी बटण दाबल्यावर पहिल्यापासून सुरू झाले, तर दोन-तीन सेकंद सहज जातात.

खऱ्या सीमलेस, म्हणजे चित्र बदलताना मध्ये काळोख पडू न देणाऱ्या, स्विचरमध्ये प्रत्येक इनपुटला स्वतःची स्मृती असते. येणारी प्रत्येक फ्रेम तिच्यात उतरवून घेतली जाते, ठरलेल्या आकारात बसवली जाते आणि स्विचरच्या स्वतःच्या घड्याळाच्या ठोक्यावर बाहेर पाठवली जाते. दर बिंदूला २४ बिट धरले, तर अशा एका फ्रेमला सुमारे ६२ लाख बाइट लागतात. आज ही स्मृती स्वस्त आहे, पण १९७०च्या दशकात नव्हती. इंग्लंडच्या क्वांटेल कंपनीचे डीएफएस ३००० हे फ्रेम साठवणारे यंत्र १९७६च्या मॉन्ट्रिऑल ऑलिम्पिकच्या प्रक्षेपणात वापरले गेले, आणि धावपटू मैदानात येत असतानाच चित्राच्या एका कोपऱ्यात मशालीची ज्योत प्रेक्षकांना दिसली. त्या काळी मोठ्या प्रक्षेपण-संस्थांपुरते असलेले हे तंत्र आता दप्तरात मावते. २०१९ साली आलेल्या ब्लॅकमॅजिकच्या एटीईएम मिनीसारख्या छोट्या पेटीतही चारही एचडीएमआय इनपुटांना स्वतंत्र रूपांतरक दिलेला आहे.

म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारावा तो स्केलरच्या, म्हणजे येणारे चित्र ठरलेल्या आकारात बसवणाऱ्या रूपांतरकांच्या, संख्येचा. इनपुट आठ असले, म्हणजे स्केलरही आठ असतील असे नाही. काही यंत्रांत एकच स्केलर सर्व इनपुटांमध्ये वाटून घेतलेला असतो. नव्या इनपुटाशी जुळवून घेईपर्यंत ते यंत्र जुनी फ्रेम गोठवून ठेवते आणि माहितीपत्रकावर मात्र ‘सीमलेस’ हाच शब्द असतो. काळ्या पडद्यापेक्षा गोठलेले चित्र बरे, हे मान्य. पण वक्त्याचा हात हवेत थांबलेला अर्धा सेकंद सभागृहाला दिसतोच. काही यंत्रांत दोन स्केलर असतात, एक चालू चित्रासाठी आणि दुसरा पुढच्या चित्राच्या प्रिव्ह्यूसाठी. ही रचना प्रामाणिक आहे, फक्त पुढचे चित्र आधी प्रिव्ह्यूवर घेण्याची शिस्त तंत्रज्ञाला पाळावी लागते. प्रश्नोत्तराच्या वेळी प्रेक्षकांतून अचानक कोणी बोलू लागले की ती शिस्त टिकत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून परिषदेसाठी दर इनपुटाला एक स्केलर असलेले यंत्रच घ्यावे, मग इनपुट दोन कमी मिळाले तरी चालतील.

चांगला स्विचर लॅपटॉपलाही निश्चिंत ठेवतो. पडद्यावर कोणतेही चित्र चालू असो, प्रत्येक इनपुटावरची कुंडली आणि चाव्यांची ओळख तो अखंड जागी ठेवतो, त्यामुळे लॅपटॉपच्या दृष्टीने त्याचा पडदा कधी निघालेलाच नसतो. हे नसेल, तर पाळी नसलेल्या वक्त्याचा लॅपटॉप पडदा गेला असे समजतो, खिडक्यांची जागा बदलतो आणि वक्त्याच्या टिपांचा पडदा व प्रेक्षकांचा पडदा यांची अदलाबदल होते. ज्यांच्या खासगी टिपा तीनशे माणसांसमोर उघड्या पडल्या, अशा एका प्राध्यापकांचा चेहरा मला आजही आठवतो.

एचडीसीपीबाबत यंत्रायंत्रांत मोठा फरक आहे आणि खरेदीपूर्वी तो नीट समजून घ्यावा. काही स्विचर संरक्षित चित्र मुळात स्वीकारतच नाहीत. एटीईएम मिनी त्यांतलाच. काही ते स्वीकारतात, पण मग बाहेर जाणारे चित्रही कुलूपबंद ठेवतात, आणि त्या तारेवरचे ध्वनिचित्रमुद्रण व थेट प्रसारण बंद पडते. समोरचे उपकरण चाव्या ओळखते असे दिसताच ॲपलचे लॅपटॉप साध्या स्लाइडही कुलूपबंद करून पाठवू शकतात. अशा वेळी ज्या स्विचरमध्ये इनपुटनिहाय एचडीसीपी बंद करता येते, तो उपयोगी पडतो. समोर चाव्या ओळखणारेच कोणी दिसत नसल्याने लॅपटॉप स्लाइड मोकळ्या पाठवतो.

भारतात ५० आणि ६० या दोन आकड्यांचे भांडणही मिटवावे लागते. आपली वीज ५० हर्ट्झची आणि आपली दूरचित्रवाणीही ५०चीच, तर लॅपटॉप बहुधा ६०ने चित्र पाठवतो. सभागृहातल्या जुन्या दिव्यांखाली कॅमेरा ६०वर ठेवला तर चित्रात उजेडाची फडफड दिसू लागते, म्हणून कॅमेरे ५०वर ठेवणे श्रेयस्कर. मग स्विचरला लॅपटॉपची दर सहावी फ्रेम गाळावी लागते. स्थिर स्लाइडला त्याने काही होत नाही. पण लॅपटॉपवरून चित्रफीत लावली आणि तीत कॅमेरा आडवा फिरत असला, की हलके धक्के जाणवतात. त्यावर सोपा उपाय आहे. स्विचरच्या ईडीआयडीत १०८० ओळी आणि ५० हर्ट्झ हीच पसंती लिहून ठेवावी. बहुतेक लॅपटॉप ती मानतात आणि रूपांतराची गरजच उरत नाही. अशी नोंद बदलण्याची सोय यंत्रात आहे का, हे अवश्य पाहावे.

या साऱ्याची किंमत वेळाने चुकवावी लागते. फ्रेम स्मृतीत उतरवायची म्हणजे ती थोडी थांबणारच. सेकंदाला ५० फ्रेमच्या हिशेबाने एका फ्रेमचा विलंब २० मिलिसेकंदांचा असतो. कॅमेऱ्याच्या एक-दोन फ्रेम, स्विचरच्या एक-दोन आणि एलईडी भिंतीच्या प्रोसेसरची एखाद-दुसरी धरली, तर बेरीज सहज १०० मिलिसेकंदांच्या घरात जाते. आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला तरी माणसाला ते जाणवू लागते, मागे पडला तर मात्र १२५ मिलिसेकंदांपर्यंत चालून जाते, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत नोंदलेले आहे. निसर्गात आवाज नेहमी दृश्यामागूनच पोहोचतो, मग तो नदीकाठच्या धोपटण्याचा असो की आकाशातल्या विजेचा. आपल्या मेंदूला त्या क्रमाची सवय आहे. आवाज १०० मिलिसेकंदांत सुमारे ३४ मीटर जातो. म्हणजे व्यासपीठावरून निघालेला आवाज ३४ मीटरवरच्या शेवटच्या रांगेत पोहोचतो, तेव्हाच पडद्यावरचे ओठही हलतात आणि तिथल्या श्रोत्याला सारे जुळलेले दिसते. पुढच्या रांगेतल्याला मात्र ओठ मागे पडलेले दिसतात. थेट प्रसारणात आवाज मुद्दाम उशिरा सोडून मेळ घालता येतो, म्हणून स्विचरमध्ये ध्वनीला विलंब देण्याची सोय असावी. सभागृहात तसे फारसे करता येत नाही, कारण वक्त्याला स्वतःचाच आवाज उशिराने ऐकू येऊ लागला की त्याची जीभ अडखळते. तिथे साखळीतले प्रत्येक यंत्र कमी विलंबाचे निवडणे हाच मार्ग.

एलईडी भिंत असेल, तर बाहेर जाणाऱ्या चित्राचा आकार हवा तसा ठरवता आला पाहिजे. बिंदूंमध्ये ३.९ मिलिमीटर अंतर असलेल्या, अर्ध्या मीटरच्या एका चौकोनी फलकावर १२८ × १२८ बिंदू असतात. सहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच भिंतीचे १५३६ × ७६८ होतात, आणि हा आकार कोणत्याच प्रचलित मापाशी जुळत नाही. केबलच्या लांबीचाही आधी विचार व्हावा. साधी एचडीएमआय केबल १५ मीटरच्या पलीकडे भरवशाची राहत नाही, म्हणून कॅमेरे लांब असतील तर एसडीआय, म्हणजे चित्र लांबवर नेणाऱ्या व्यावसायिक जोडणीचे, इनपुट असलेले यंत्र घ्यावे. त्याची बीएनसी पिन फिरवून घट्ट बसते आणि कोणाच्या पायात आली तरी सहसा निसटत नाही.

इतके ठरल्यावर यंत्र दुकानातच तपासावे. एक जुना १०२४ × ७६८चा लॅपटॉप, एक ॲपलचा आणि ५०वर ठेवलेला एक कॅमेरा बरोबर न्यावा, तिघांनाही जोडून किमान पन्नास वेळा चित्र बदलावे आणि समोरच्या टीव्हीचे चित्रण मोबाईलच्या २४० फ्रेमच्या मंदगती कॅमेऱ्याने करावे. टीव्हीची एक फ्रेम मोबाईलच्या जवळजवळ पाच फ्रेम व्यापते, त्यामुळे डोळ्यांना न दिसलेली एकच काळी फ्रेमही तिथे सुटत नाही. मग लॅपटॉपवर सेकंदाचे शतांश दाखवणारे घड्याळ लावून लॅपटॉप आणि टीव्ही दोन्ही एकाच छायाचित्रात टिपावेत. दोन आकड्यांतला फरक म्हणजे टीव्हीसह सारा विलंब. लॅपटॉप टीव्हीला थेट जोडून असेच आणखी एक छायाचित्र घ्यावे आणि त्यातला फरक वजा करावा. उरतो तो स्विचरचा. शेवटी चालू चित्राची केबल उपसून काढावी आणि पडद्यावर काय उरते ते पाहावे. शेवटची फ्रेम धरून ठेवणारे किंवा आपण साठवलेले स्थिर चित्र आपोआप दाखवणारे यंत्र असेल, तर ते बांधून घ्यायला सांगावे.