कोमट बाटली आणि विरजणाचा नियम

दही लावताना आपण दुधात बोट बुडवून बघतो. दूध फार गरम असलं तर विरजण मरतं, फार गार असलं तर दही लागत नाही. कोमट दूध, वर झाकण आणि पाच-सहा तास न हलवता ठेवलेलं पातेलं, एवढं केलं की सकाळी घट्ट दही तयार. बाळाच्या वरच्या दुधाचा, म्हणजे डब्यातली पावडर पाण्यात मिसळून केलेल्या दुधाचा विषय निघाला की मला हेच पातेलं आठवतं. रात्रीचं जागरण वाचावं म्हणून संध्याकाळीच बाटली भरून, टॉवेलात गुंडाळून कोमट ठेवली, तर तिच्यात नेमकी हीच सगळी सोय झालेली असते. फक्त त्यात विरजण कशाचं पडलंय, हे आपल्याला माहीत नसतं.

ते विरजण डब्यातूनही येऊ शकतं. सीलबंद डबा म्हणजे निर्जंतुक, असं बहुतेक घरांत धरून चालतात. प्रत्यक्षात दूध तापवून जंतुमुक्त केलं, तरी पुढे ते वाळवताना, त्यात इतर घटक मिसळताना आणि डबे भरताना थोडे जिवाणू शिरू शकतात. कोरडी पावडर पूर्णपणे निर्जंतुक करणं कारखान्यांना अजून जमलेलं नाही. यातला सर्वात चिंतेचा जिवाणू म्हणजे क्रोनोबॅक्टर साकाझाकी. जपानी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीइची साकाझाकी यांचं नाव त्याला दिलेलं आहे. कोरड्या पावडरीत तो वाढत नाही, पण मरतही नाही. महिनोन्‌महिने तग धरतो आणि पाणी मिळालं की वाढायला लागतो. २०२२ साली अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या स्टर्जिस इथल्या कारखान्यात तो सापडला, उत्पादन थांबलं आणि देशभर डब्यांचा तुटवडा झाला. पावडरीत कधीकधी साल्मोनेला हा दुसरा घातक जिवाणूही आढळतो.

क्रोनोबॅक्टरचा संसर्ग विरळा आहे, हे आधी सांगायला हवं. पण दोन महिन्यांच्या आतल्या, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तो झाला, तर रक्तात विष पसरणं किंवा मेंदूच्या आवरणाला सूज येणं इथपर्यंत मजल जाते. म्हणून एवढ्या बारकाईने लिहिते आहे.

आता थोडा हिशेब. समजा खोलीच्या तापमानाला जिवाणूंची संख्या दर चाळीस मिनिटांनी दुप्पट होते. आठ तासांत ती बारा वेळा दुप्पट होईल, म्हणजे एकाचे ४०९६. आपल्याकडच्या उन्हाळ्यात वेग आणखी वाढतो. आणि एवढं होऊनही दूध नासलेलं दिसेलच असं नाही. वास तसाच, चवही तशीच. म्हणून आजीने दोन थेंब चाखून ‘चांगलंय’ म्हटलं, तरी त्यावरून काही ठरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा गाभा असा, की पावडर किमान ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात मिसळावी, म्हणजे पावडरीतले जिवाणू तिथेच मरतील. एक लिटर पाणी खळखळून उकळावं आणि अर्ध्या तासाच्या आत वापरावं. कपभर पाणी मात्र याहून खूप लवकर निवतं, म्हणून थोडंसंच उकळून अर्धा तास थांबू नये. बाटलीबंद किंवा आरओचं पाणीही उकळूनच घ्यावं.

इथे एक अडचण आहे. कित्येक डब्यांवर पाणी उकळून कोमट होऊ द्या, असं लिहिलेलं असतं. त्याने पाण्यातले जिवाणू जातात, पावडरीतले राहतात. काही पावडरींमध्ये उपयुक्त जिवाणू मुद्दाम घातलेले असतात, आणि ते गरम पाण्यात मरतात हेही खरं. माझं मत विचाराल, तर तान्ह्या आणि नाजूक बाळासाठी ७० अंशांचीच बाजू घ्यावी. आपल्या डब्यापुरतं बालरोगतज्ज्ञांना विचारून घ्यावं. दूध गरम पाण्यात केलं की बाटली लगेच नळाखाली धरून निववायची आणि मनगटावर थेंब टाकून बघितल्याशिवाय बाळाला द्यायची नाही.

मग रात्रीचं काय? सर्वात चांगलं म्हणजे उकळतं पाणी चांगल्या थर्मासमध्ये भरून ठेवावं, कोरड्या स्वच्छ डबीत पावडर मोजून ठेवावी आणि बाळ उठलं की ताजं दूध करावं. थर्मासमध्ये पाणी ठेवायचं, तयार दूध कधीच नाही. तेही जमणार नसेल, तर उकळून घेतलेल्या बाटल्यांत एकेका वेळचं दूध करावं, बाटल्या बर्फाच्या पाण्यात उभ्या करून पटकन गार कराव्यात आणि लगेच फ्रीजमध्ये ठेवाव्यात. मोठ्या भांड्यात एकदम करू नये, त्याचा मध्यभाग तासन्‌तास कोमट राहतो. फ्रीज ५ अंशांच्या खाली हवा. बाटल्या आत, मागच्या बाजूला ठेवाव्यात, कारण दाराच्या कप्प्याला सारखी बाहेरची हवा लागते. असं दूध २४ तास चालतं. रात्री बराच वेळ वीज गेली, तर मात्र त्या बाटल्यांवर भरवसा ठेवू नये. देताना बाटली गरम पाण्याच्या भांड्यात पंधरा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये. मायक्रोवेव्ह तर नकोच, त्यात दूध एकसारखं तापत नाही आणि एखादा चटका बसणारा घोट तोंडात जातो. फ्रीजबाहेरचं तयार दूध दोन तासांत संपवायचं.

राहिलं उष्टं दूध. बाळ चोखतं तेव्हा त्याची लाळ बाटलीत जाते, आणि तिच्यासोबत नवे जिवाणूही. पिणं सुरू झाल्यापासून तासाभरात जे उरेल ते टाकायचं, परत फ्रीजमध्ये ठेवायचं नाही. महागाचा डबा आहे, टाकवत नाही, हे मला कळतं. पण तो पुरवायला दूध पातळही करू नये. त्याने बाळाचं पोट भरल्यासारखं वाटतं आणि वजन मात्र वाढत नाही. त्यापेक्षा बाटलीच लहान भरावी. साठ मिलीलिटर पिणाऱ्या बाळासाठी नव्वद करू नये. ते संपवून आणखी मागितलं, तर तीसचं पुन्हा करून द्यावं.