लघवीतली पांढरी खर म्हणजे 'धातू' नव्हे

रेल्वेच्या रुळांलगतच्या भिंतींवर 'धातू जाणे' (म्हणजे लघवीतून वीर्य जाणे) थांबवण्याच्या जाहिराती अजून दिसतात. लघवीच्या शेवटी चुना कालवल्यासारखं काही दिसलं की तरुण मुलगा घाबरतो, घरी बोलत नाही आणि त्या पत्त्यावर जाऊन पैसे घालवतो. ताप नाही, जळजळ नाही, जेवणानंतर तासा-दोन तासांत खर दिसली आणि पुढच्या वेळी लघवी स्वच्छ झाली, तर ते बहुधा फॉस्फेट असतं. (संभोगानंतर मूत्रमार्गात राहिलेलं थोडं वीर्य पुढच्या लघवीत येतं, त्यातही आजार नाही.)

जेवणाशी त्याचा संबंध कसा, हे समजून घेण्यासारखं आहे. अन्न पोटात गेलं की जठराच्या पेशी आम्ल बनवतात. हायड्रोजन आयन जठरात सोडताना त्या तितकंच बायकार्बोनेट रक्तात सोडतात. जास्तीचं बायकार्बोनेट मूत्रपिंडं बाहेर टाकतात, आणि एरवी 6 च्या आसपास असणारा लघवीचा सामू (pH, आकडा जितका जास्त तितकी लघवी अल्कधर्मी) 7 च्या वर जाऊ शकतो. फॉस्फेटचं गणित इथे बदलतं. आम्लधर्मी लघवीत ते मुख्यतः डायहायड्रोजन फॉस्फेट असतं, आणि त्याचा कॅल्शियमशी झालेला क्षार पाण्यात विरघळतो. सामू 6.8 ला हे रूप आणि मोनोहायड्रोजन फॉस्फेट हे दुसरं रूप निम्मी-निम्मी असतात. त्याच्या वर दुसरं रूप वाढतं आणि कॅल्शियमबरोबर त्याचा साका बसतो. लघवी उघडी ठेवली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, सामू आणखी चढतो. भांड्यात तासाभराने दिसणारी खर शरीरात नव्हतीच, असंही म्हणून होतं.

हे घरी तपासता येतं. काचेच्या स्वच्छ, पारदर्शक बाटलीत दोन चमचे ताजी लघवी घ्या, पांढऱ्या व्हिनेगरचे पाच-सहा थेंब टाका, हलवा. फरक दिसला नाही तर आणखी तितकेच टाका. फॉस्फेट असेल तर गढूळपणा निवळतो. नुसती गरम केली तर फॉस्फेट उलट जास्त साकळतं आणि प्रथिनं जात असल्याचा भास होतो. व्हिनेगर टाकल्यावर प्रथिनं मात्र विरघळत नाहीत.

विटकरी-गुलाबी साका असेल तर तो युरेटचा, म्हणजे युरिक आम्लाच्या क्षाराचा. तो आम्लधर्मी, दाट, थंड झालेल्या लघवीत बसतो आणि कोमट पाण्यात बाटली धरली की विरघळू लागतो. नवजात बाळाच्या लंगोटावर पहिल्या काही दिवसांत दिसणारा असा डाग बहुतेकदा हाच असतो. तिथे बाळाला दूध पुरेसं मिळतंय का, ते पाहावं.

व्हिनेगरनेही न निवळणारा गढूळपणा पू, जंतू किंवा चरबीमुळे असू शकतो. विदर्भात हत्तीरोग असलेल्या भागात दुधासारखी लघवी आणि त्यात जेलीसारख्या गाठी दिसल्या, तर लसिकावाहिन्यांतला चरबीयुक्त द्रव मूत्रमार्गात झिरपत असू शकतो. तेलकट जेवणानंतर तो वाढतो. शिवाय निवळली म्हणजे संसर्ग नाहीच, असंही समजू नका. काही जंतू युरियापासून अमोनिया बनवून लघवी सतत अल्कधर्मी ठेवतात, त्यातूनच मुतखडे वाढतात.

रक्ताच्या गुठळ्या, वाळूसारखे टोचणारे कण, कुशीत कळ, थंडी-ताप, किंवा आठवडाभर टिकणारा गढूळपणा असेल तर डॉक्टरकडे जा. तपासणीला सुरुवातीची धार सोडून मधल्या धारेची लघवी द्या आणि दोन तासांच्या आत पोचवा. फ्रिजमध्ये ठेवली तर जंतू वाढायचे थांबतात, पण गारव्याने नवे स्फटिक पडतात आणि रिपोर्टमध्ये ते उगाच दिसू लागतात.