काळे कुंकू: डिजिटल संपादनातील ‘फिल्म लूक’ची पार्श्वभूमी

इंदूरच्या जुन्या मराठी घरांतले अल्बम उघडले, की पणजीच्या कपाळावरचे ठसठशीत कुंकू फोटोत जवळजवळ काळे दिसते. फोटो जुना झाला म्हणून ते काळे पडलेले नाही. त्या काळच्या काचेच्या प्लेटांना आणि पुढे आलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल प्रकाश जवळपास दिसतच नसे, त्यामुळे लाल रंग छापात काळा उतरे. इंदूरमध्ये सरकारी बांधकाम खात्यात नोकरीस असलेल्या लाला दीनदयाळ यांनी १८७४च्या सुमारास याच शहरात छायाचित्रणास आरंभ केला, तेव्हाच्या प्लेटा तर मुख्यतः निळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत आणि म्हणून आकाश कोरे पांढरे येई. आज जुन्या धर्तीचा कृष्णधवल फोटो करायचा असेल, तर सर्वांत आधी लाल रंगाची उजळता उतरवावी लागते. नुसती पिवळट छटा चढवल्याने काम होत नाही, कारण तो पिवळेपणा बहुतांशी जुनावलेल्या अल्ब्युमेन कागदाचा (अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या छापकागदाचा) आहे.

डिजिटल फोटोला फिल्मसारखे रूप देण्याचा, म्हणजेच ‘फिल्म लूक’चा, खरा पाया मात्र एका वक्राचा आहे. १८९० साली हर्टर आणि ड्रिफील्ड यांनी प्लेटवर पडलेला प्रकाश आणि तिच्यावर उमटणारा काळेपणा यांचे नाते आलेखाने मांडले. हा वक्र आलेख दोन्ही टोकांना हळूहळू आडवा होत जातो. डिजिटल सेन्सर प्रकाश सरळ प्रमाणात मोजतो आणि मर्यादा संपताच एकदम थांबतो. राजवाड्यावरच्या रोषणाईच्या फोटोत हा फरक चटकन कळतो: सेन्सरवर दिव्याच्या जागी पांढरा ठिपका कातरल्यासारखा उरतो, तर फिल्मवर उजेड आजूबाजूला विरत जातो आणि तळाच्या थरावरून परतलेल्या प्रकाशामुळे रंगीत फिल्मवर त्याभोवती लालसर वलयही येते.

रंगांच्या बाबतीत १९३५ची कोडाक्रोम, १९९०ची भडक हिरव्याची वेल्व्हिया अशी प्रत्येक फिल्मची स्वतंत्र प्रकृती होती. आपल्याकडे उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ही होती. कोडाक्रोमचे उत्पादन २००९ साली थांबले आणि पुढच्याच वर्षी आलेल्या इन्स्टाग्रामच्या फिल्टरांनी जुनेपणाची हौस घरोघरी पोहोचवली; पण माझ्या मते त्यांनी एक घोटाळाही रुजवला. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले रंगीत फोटो आज तांबूस दिसतात, ते अल्बमच्या अंधारातही त्यांतला निळसर रंग सर्वांत आधी उडाल्यामुळे. तो फिल्मचा रंग नव्हे, विटलेल्या छापाचा आहे.

दाण्यांचे, म्हणजे फिल्मच्या फोटोत दिसणाऱ्या बारीक कणांचेही असेच आहे. डिजिटल गोंगाट (‘नॉइज’, म्हणजे फोटोतले नको असलेले ठिपके) मुख्यतः सावल्यांत दिसतो. छापलेल्या फोटोत फिल्मचा दाणा मधल्या छटांत उठून दिसतो. म्हणून सगळ्या चित्रावर सारखा दाणा पसरला, की तो वरून टाकलेला वाटतो. पणजीच्या त्या फोटोत तो गालावर स्पष्ट दिसतो, गडद पदरात आणि पांढऱ्या भिंतीवर मात्र जवळजवळ नाहीच.